स्वस्तात मिळालेली माणसं



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावतील. आयुष्यभर इतिहास शिकवलेली बाई बास्केटबॉलवर काय लिहिणार? खेळातलं मला फारसं कळत नाही हे आधीच कबूल करते. पण हा लेख खेळावर नाही, पगारावर आहे. आणि पगार या विषयावर शिक्षकाइतकं चिंतन दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही!

झालं असं. २०२५ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे कॅलिफोर्नियात होते. नातू बास्केटबॉलवेडा. एके दिवशी फोनवर काहीतरी वाचून ओरडला, "आजी, बॉस्टनने टीम मोडली!" मला वाटलं भांडणं झाली असतील. तर नाही. बॉस्टनचा संघ २०२४ चा विजेता. त्यातले दोन मोठे खेळाडू, ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस, संघाने दुसऱ्या संघांना देऊन टाकले होते. खेळ बिघडला म्हणून नाही, तर पगाराचा एकूण आकडा नियमाच्या पलीकडे जात होता म्हणून. सगळे ठेवले असते तर पगार आणि दंड मिळून वर्षाचा खर्च ५० कोटी डॉलरच्या आसपास गेला असता, अशा बातम्या होत्या.

मी म्हटलं, "म्हणजे पहिला नंबर आला म्हणून वर्ग मोडायचा?"

"तसंच काहीसं," तो म्हणाला. मग त्याने मला नियम समजावून सांगितले. मी परत आले तरी ते डोक्यातून जाईनात. मग वाचत गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एकदा धागा सापडला की तो शेवटपर्यंत ओढल्याशिवाय राहवत नाही. तो धागा इथे मांडते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा. १९४६ साली सुरू झाली, सध्या ३० संघ आहेत, प्रत्येकाचे मालक वेगळे. एका संघाने वर्षभरात सगळ्या खेळाडूंवर मिळून किती पगार खर्च करायचा याला मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. हेतू हा की श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊन स्पर्धाच संपवू नये.

मग प्रश्न असा की सगळ्यांना खर्चायला सारखेच पैसे असताना काही संघ वर्षानुवर्षं जिंकतात कसे? मी एकेका मोठ्या संघाची कुंडली मांडून पाहिली. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी निघाली. संघात कोणीतरी एक असा होता, ज्याला त्याच्या लायकीपेक्षा बराच कमी पगार मिळत होता. त्याच्या वाचलेल्या पगारात बाकीचा संघ उभा राहिला. तो माणूस स्वस्तात का मिळाला, याचं कारण मात्र दर वेळी वेगळं होतं. माझ्या मते खरा इतिहास त्या कारणांमध्ये आहे.

सुरुवात बॉस्टनपासूनच करू. १९५७ ते १९६९ या १३ वर्षांत बॉस्टन सेल्टिक्सने ११ वेळा स्पर्धा जिंकली. त्यातली १९५९ ते १९६६ ही आठ तर लागोपाठ. यामागचं डोकं रेड आवरबाक या प्रशिक्षकाचं. अमेरिकेत कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघांमध्ये क्रमाने वाटले जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. शेवटी आलेल्या संघाने आधी निवडायचं, अशी साधारण पद्धत. १९५६ साली आवरबाकला बिल रसेल हवा होता, पण बॉस्टनचा नंबर बराच खाली होता. दुसरी निवड सेंट लुई संघाकडे होती. आवरबाकने त्यांना एड मकॉली हा आपला नावाजलेला खेळाडू आणि क्लिफ हेगन हा होतकरू मुलगा असे दोघे दिले आणि ती निवड घेतली. सेंट लुई काही मूर्ख नव्हतं. त्याच दोघांच्या जोरावर त्यांनी १९५८ साली बॉस्टनलाच अंतिम फेरीत हरवलं. पण रसेल होता म्हणून बॉस्टन ११ वेळा जिंकलं.

त्या काळात सॅलरी कॅप नव्हती. मग रसेल स्वस्त कसा? कारण तेव्हा सगळेच खेळाडू स्वस्त होते. करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क राहायचा. दुसरीकडे जायची मुभाच नाही, मग घासाघीस कशाच्या जोरावर करणार? १९६५ साली विल्ट चेंबरलेनला वर्षाला एक लाख डॉलर मिळाले, तेव्हा रसेलने एक लाख एक डॉलर मागून घेतले असं सांगतात. किस्सा गमतीचा आहे, पण तेव्हाच्या सर्वोत्तम खेळाडूला मान मिळवण्यासाठी एक डॉलरचा आधार घ्यावा लागला, हेही त्यात आहेच.

या सक्तीविरुद्ध खेळाडू हळूहळू उभे राहिले. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनला सगळ्या नामवंतांचा प्रदर्शनीय सामना होता, टीव्हीवर दाखवला जाणार होता. खेळाडूंनी सांगितलं, पेन्शनचं आश्वासन मिळाल्याशिवाय आम्ही कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येणार नाही. त्यात रसेल होता, जेरी वेस्ट होता, ऑस्कर रॉबर्टसन होता. सामना खोळंबला, आश्वासन मिळालं, मगच खेळ झाला. पुढे १९७० साली रॉबर्टसनच्या नावाने खेळाडूंनी कोर्टात दावा लावला. तो १९७६ साली तडजोडीने मिटला आणि करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याची वाट उघडली. पेन्शनसाठी अडून बसलेली माणसं म्हटल्यावर माझा ओढा कुणाकडे गेला, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगायला नको.

वाट उघडली तसे पगार वाढले, आणि १९८० च्या सुमाराला बरेच संघ तोट्यात गेले. लोकांचा उत्साहही बेताचाच होता. १९८० च्या अंतिम फेरीतला निर्णायक सामना अमेरिकेच्या बऱ्याच भागात थेट न दाखवता रात्री उशिरा मुद्रित करून दाखवला होता! शेवटी १९८३ साली मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार झाला. मालकांनी एकूण उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना द्यायचं कबूल केलं. त्या बदल्यात खेळाडूंनी संघाच्या एकूण पगारावर मर्यादा मान्य केली. १९८४-८५ मध्ये ती ३६ लाख डॉलर होती.

पण या मर्यादेला पहिल्यापासूनच एक दार ठेवलं होतं. बाहेरचा खेळाडू आणायचा तर मर्यादेच्या आत बसवा. आपलाच जुना खेळाडू टिकवायचा असेल तर मर्यादा ओलांडली तरी चालेल. हे दार बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखलं जातं. मजा म्हणजे बर्डच्या नावाने आणखी एक नियम आहे. १९७८ साली त्याचं कॉलेजचं एक वर्ष शिल्लक असताना आवरबाकने त्याला ड्राफ्टमध्ये निवडून ठेवलं. वर्षभर थांबायची बाकीच्यांची तयारी नव्हती, आवरबाकची होती. तसं पुन्हा कोणी करू नये म्हणून नंतर नियमच केला. १९८० साली आवरबाकने पहिली निवड आणि आणखी एक निवड देऊन रॉबर्ट पॅरिश आणि तिसरी निवड घेतली, आणि त्या निवडीवर केव्हिन मॅकहेल आणला. बर्ड, पॅरिश, मॅकहेल या तिघांनी १९८१, १९८४ आणि १९८६ साली विजेतेपद आणलं. हुशार माणसाने फट शोधायची आणि मागाहून मालकांनी ती बुजवायची, हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे.

आता शिकागो. मायकेल जॉर्डनचं नाव आपल्याकडेही सगळ्यांना माहीत आहे. शिकागो बुल्सने १९९१ ते १९९३ आणि १९९६ ते १९९८ अशी सहा विजेतेपदं मिळवली. त्यातल्या १९९५-९६ च्या हंगामात त्यांनी ८२ पैकी ७२ सामने जिंकले. त्या वर्षी जॉर्डनचा पगार होता साडेअडतीस लाख डॉलर. त्याच्यासारख्या माणसाला हा आकडा किरकोळच, कारण १९८८ साली केलेला आठ वर्षांचा करार अजून चालू होता. तो संपल्यावर मात्र त्याने सगळी कसर भरून काढली. १९९७-९८ मध्ये त्याला ३ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले. त्या वर्षी संपूर्ण संघासाठी मर्यादा होती २ कोटी ६९ लाख! म्हणजे एकट्याचा पगार अख्ख्या संघाच्या मर्यादेपेक्षा जास्त. बर्डच्या दारातून हत्ती गेला म्हणायचा.

आणि त्याच संघात, त्याच वर्षी, स्कॉटी पिपेनचा पगार सुमारे २८ लाख डॉलर होता. स्पर्धेतल्या पहिल्या काही खेळाडूंत ज्याची गणना व्हायची, तो पगाराच्या यादीत १२२ वा. जेरी क्राउझ या व्यवस्थापकाने १९८७ साली ड्राफ्टच्या दिवशीच देवघेव करून त्याला आणलं होतं. १९९१ साली पिपेनने करार वाढवून घेतला. सात वर्षांचे मिळून सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर. पुढे पगार झपाट्याने चढले आणि तो मात्र जुन्या आकड्यावर अडकला. शिकागोचा मालक जेरी राइन्सडॉर्फ 'द लास्ट डान्स' या २०२० च्या माहितीपटात सांगतो, की इतका लांबचा करार करू नकोस असं मीच त्याला म्हटलं होतं.

नातवाने मला हा माहितीपट दाखवला. म्हणाला, "आजी, पिपेन खुळाच होता ना? थोडं थांबला असता तर कितीतरी जास्त मिळाले असते."

मी त्याला विचारलं, पिपेनच्या घरचं तुला माहीत आहे का? आर्कान्सातल्या हॅम्बर्ग नावाच्या लहान गावातला तो. बारा भावंडांत सर्वांत धाकटा. वडिलांना पक्षाघात झालेला. एका भावाला शाळेतल्या कुस्तीत इजा होऊन लुळेपण आलेलं. एका घरात दोन चाकाच्या खुर्च्या. अशा मुलासमोर कोणी सात वर्षांची खात्री ठेवली, तर तो उद्याच्या वाढीचा हिशोब मांडत बसेल का? उद्या पाय मोडला तर?

हे मी जरा जास्तच तावातावाने बोलले असणार, कारण लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला कारण माहीत आहे. माझ्या पहिल्या शाळेत सही व्हायची एका आकड्यावर आणि हातात पडायचा दुसराच. ती शाळा कुठली ते सांगत नाही, आणि अशी ती एकटीच नव्हती. मी दोन वर्षं सही केली, कारण अण्णा अंथरुणाला खिळले होते आणि धाकटे दोघे शिकत होते. एका नातेवाइकांनी तेव्हा मला भित्री म्हटलं होतं. माझी आणि पिपेनची काय बरोबरी, मला कळतं. त्याचा कमी पगारही लाखांत होता. पण जोखीम घेण्याची ऐपत असलेल्याने ती नसलेल्याला खुळा म्हणू नये, एवढंच मला नातवाला सांगायचं होतं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण शेवटी त्याला मिळाले हं पैसे." ते खरं आहे. १९९९ च्या जानेवारीत तो ह्यूस्टनकडे गेला, तिथे त्याला ६ कोटी ७० लाखांच्या आसपासचा करार मिळाला आणि सगळ्या कारकिर्दीचा पगार जॉर्डनपेक्षाही जास्त भरला. तोपर्यंत शिकागोची सहा विजेतेपदं मात्र त्याच्या स्वस्त करारावर उभी राहून झाली होती.

जॉर्डनचे ते आकडे आणि १९९७ साली केव्हिन गार्नेटने मिळवलेला १२ कोटी ६० लाखांचा करार पाहून मालक हबकले. १९९८ साली त्यांनी चक्क टाळेबंदी केली. हो, गिरणीत करतात तीच. हंगाम ५० सामन्यांवर आला. १९९९ च्या नव्या करारात प्रत्येक खेळाडूच्या पगारालाच कमाल मर्यादा घातली गेली. अनुभवाप्रमाणे संघाच्या मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के, अशा आमच्या वेतनश्रेणीसारख्या पायऱ्या आहेत. नव्या मुलांसाठी तर १९९५ पासूनच ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार पगार ठरलेला होता. शिवाय मर्यादेच्या फार वर जाणाऱ्या संघाला लक्झरी टॅक्स नावाचा दंड लागला.

आता गंमत बघा. ताऱ्यांचे पगार आवरायला हा नियम केला. पण कमाल मर्यादा आली की सर्वांत मोठा तारा त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा स्वस्त होतो. मग एका ताऱ्याच्या पैशात बसले नसते असे दोन-तीन तारे एकाच संघात बसू लागतात. २०१० साली मायामीत लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांनी आपणहून थोडं थोडं कमी घेतलं आणि एकत्र आले. चार वर्षं लागोपाठ अंतिम फेरी, २०१२ आणि २०१३ चं विजेतेपद. समानतेसाठी केलेल्या नियमातून असा संघ तयार झाला.

सॅन अँटोनियो स्पर्सची गोष्ट मला जास्त आवडली. १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ असे पाच विजय. झगमगाट नाही. १९९७ साली टिम डंकन मिळाला, तो नशिबाचा भाग. पण २००१ साली टोनी पार्कर २८ व्या क्रमांकावर आणि १९९९ साली मनू जिनोबिली ५७ व्या क्रमांकावर निवडला, हे नशीब नव्हे. त्या ड्राफ्टमध्ये एकूण निवडीच ५८ होत्या. इतरांनी फ्रान्स आणि अर्जेंटिनाकडे नीट पाहिलं नव्हतं, यांनी पाहिलं. आणि २०१२ साली डंकनने पगार सुमारे २ कोटी १० लाखांवरून एक कोटीच्या आत आणला, म्हणजे बाकीचे टिकावेत. त्याने तोवर भरपूर कमावलं होतं, त्यामुळे त्याला ते परवडलं. पिपेनला परवडणारं नव्हतं.

नातवाचा संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स. घरात ३० नंबरच्या तीन जर्सी आहेत, त्यामुळे स्टेफन करीबद्दल जपून लिहायला हवं! २००९ साली करी सातव्या क्रमांकावर मिळाला. त्याच्या आधी मिनेसोटाने लागोपाठ दोन निवडी केल्या, त्याच्याच जागेवर खेळणाऱ्या दोन मुलांच्या. पुढे करीचा घोटा वारंवार दुखावला, शस्त्रक्रिया झाल्या. २०१२ साली त्याने चार वर्षांचे ४ कोटी ४० लाख घेऊन सही केली, तेव्हा जोखीम संघानेच घेतली असं लोक म्हणत. मग घोटा बरा झाला. २०१५ आणि २०१६ असा दोनदा तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१५-१६ मध्ये स्वतःच्याच संघातले चौघे त्याच्याहून जास्त पगार घेत होते. क्ले थॉम्पसन ११ व्या आणि ड्रेमंड ग्रीन ३५ व्या क्रमांकावरून आलेले. २०१५ साली संघ जिंकला. पुढच्या हंगामात ७३ सामने जिंकून शिकागोचा विक्रम मोडला, पण अंतिम फेरीत ३-१ अशी आघाडी घालवून क्लीव्हलँडकडून हरले.

आणि तेवढ्यात नियमानेच हात दिला. नवा टीव्ही करार नऊ वर्षांचा, २,४०० कोटी डॉलरचा होता. त्यामुळे पगाराची मर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ हळूहळू करू, असं एनबीएने सुचवलं होतं. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. (आपल्या थकबाकीचे हप्ते आठवले. एकरकमी मिळत असतील तर कोण सोडेल?) त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे मोकळी जागा झाली त्यांत गोल्डन स्टेट होतं, कारण करी अजून जुन्याच पगारावर होता. त्यांनी केव्हिन ड्युरंटला आणलं. २०१७ आणि २०१८ चं विजेतेपद आलं. २०१७ साली ड्युरंटनेही मिळू शकत होते त्यापेक्षा ९० लाखांहून जास्त सोडले, आणि करीला शेवटी पाच वर्षांचे २० कोटी १० लाख मिळाले.

म्हणजे सगळं नियमातच आहे का? नाही. त्याला उत्तर म्हणून सॅक्रामेंटोकडे बघा. गोल्डन स्टेटपासून दीडशे किलोमीटरच्या आत. तोच ड्राफ्ट, तीच मर्यादा. या संघाचे प्रमुख मालक २०१३ पासून विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेले. आधी त्यांची गोल्डन स्टेटमध्येच भागीदारी होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते याच सॅक्रामेंटो किंग्स आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. काही वाचकांनी ते पाहिलेही असतील. हा संघ २००७ ते २०२२ अशी सलग १६ वर्षं बाद फेरीत पोचला नाही. एनबीएच्या इतिहासात इतकी वर्षं दुसरं कोणी बाहेर राहिलेलं नाही. २००९ साली त्यांचा क्रमांक चौथा होता, करी त्यांनाही मिळाला असता. २०१८ साली दुसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच समोर असताना त्यांनी दुसराच निवडला. २०२३ साली एकदाचे बाद फेरीत आले, तर सातव्या सामन्यात समोर करी, आणि त्याने ५० गुण केले! नियम सगळ्यांना सारखी पाटी देतो. तिच्यावर काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

शेवटची गोष्ट ओक्लाहोमा सिटीची, कारण यात एकाच माणसाची चूक आणि सुधारणा दोन्ही आहेत. सॅम प्रेस्टी हा तिथला व्यवस्थापक. शिकला सॅन अँटोनियोत. पार्करला घ्या असा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. त्याने ड्राफ्टमधून ड्युरंट, रसेल वेस्टब्रूक आणि जेम्स हार्डन अशी तीन मुलं आणली. २०१२ साली संघ अंतिम फेरीत पोचला. तोवर २०११ च्या टाळेबंदीनंतर दंड बराच कडक झालेला. तिघांना पूर्ण पगार देणं जमेना, हार्डनशी थोडक्या रकमेवरून बोलणी फिसकटली आणि हंगामाच्या तोंडावर त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. पुढे २०१४ साली ड्युरंट, २०१७ साली वेस्टब्रूक आणि २०१८ साली हार्डन, असे तिघेही स्पर्धेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. विजेतेपद मात्र ओक्लाहोमाला आलं नाही. हिशोब वहीत बरोबर होता, पण त्या हिशोबात हार्डन गेला.

२०१९ साली प्रेस्टीने पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे दिलं आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा कोवळा मुलगा आणि पहिल्या फेरीतल्या पाच निवडी घेतल्या. पुढे दोन हंगाम संघ २२ आणि २४ सामनेच जिंकला. लोक हसले. पण त्या पाचातल्या एका निवडीवर २०२२ साली जेलन विल्यम्स १२ व्या क्रमांकावर आला. २०२४-२५ मध्ये या संघाने ६८ सामने जिंकले आणि इंडियानाला सात सामन्यांत हरवून विजेतेपद मिळवलं. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात विल्यम्सने ४० गुण केले, तेव्हा त्याचा वर्षाचा पगार पन्नास लाखांच्या आत होता. नव्या मुलांची वेतनश्रेणीच तशी.

या वेळी स्वस्तातली माणसं नियमानेच दिली. आणि नियमच ती काढून घेणार. २०२३ च्या करारात मर्यादेच्या वर आणखी एक रेषा आखली आहे. ती ओलांडली की नुसता दंड नाही, तर देवघेव करण्याचे, खेळाडू जोडण्याचे हक्कच गोठतात. श्रीमंत मालक दंड भरून मोकळा होऊ शकतो, हे गोल्डन स्टेटने दाखवून दिलं होतं. २०२१-२२ मध्ये त्यांचा पगार आणि दंड मिळून सुमारे ३४ कोटी ६० लाख डॉलर झाले, आणि ते जिंकलेही. आता पैसे टाकूनही सुटका नाही. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले. मालकांना हवं होतं ते झालं म्हणायचं.

२०२५ च्या जुलैमध्ये ओक्लाहोमाने शे, विल्यम्स आणि चेट होमग्रेन या तिघांशीही मोठे करार केले. १३ वर्षांपूर्वी तिघांतला एक सोडला होता, या वेळी तिघे ठेवले. त्यांच्या वाढीव पगारासाठी आता बाकीच्यांतले कोण जाणार, ते यथावकाश कळेल. जाणारा बहुधा असा कोणी असेल, ज्याचं नाव माझ्यासारखीला माहीतही नाही.

निघायच्या आदल्या रात्री नातवाने विचारलं, "आजी, तू प्रेस्टीच्या जागी असतीस तर २०१२ मध्ये हार्डनला ठेवलं असतंस?"

मी म्हटलं, "हो. आणि संघ कदाचित बुडवला असता."

तो हसला. म्हणाला, "म्हणून तू टीचर झालीस, मॅनेजर नाही." खरं आहे बाबा. वर्गातल्या पन्नास जणांतला कोणाला वगळायचं, हे मला कधी जमलं नाही.

असो. आकडे डॉलरमध्ये आहेत, रुपयांत करून बघू नका, झोप लागणार नाही. जाणकारांनी चूकभूल सांगावी, पुढच्या वेळी सुधारीन. आणि पिपेनला खुळा म्हणणाऱ्यांनी आधी माझ्याशी बोलावं!